तीनास एक

ग्रीनॉकच्या चढावरच्या आमच्या घरात
वडिलांनी सत्त्याऐंशी साली संगणक आणला.
वीस मेगाबाइटची हार्ड डिस्क, विटेएवढी, विटेइतकीच जड.
आई म्हणाली, एवढ्यात स्वयंपाकघराची फरशी झाली असती.
बटण दाबलं की आधी बारीक शिट्टी, मग घरघर,
मग करपलेला पाव सुरीने खरवडावा तसा आवाज.
आम्ही चहा टाकायचो.
चहा आधी व्हायचा.

शेजारचा लॉकलन, गोदीतून कमी केलेला, हुशार, उतावळा.
म्हणाला, मर्डो, तुझी तबकडी आळशी नाही, तिची मांडणी येडी आहे.
एकाशेजारी दोन नाही, दोनाशेजारी तीन नाही,
मध्ये दोन-दोन परके कशाला बसवलेत?
सलग लाव सगळे, बघ कशी पळते.
छप्पन्न फ्लॉप्यांवर घर उतरवून घेतलं दोघांनी,
तबकडी पुसली, रात्रभर बसून सलग मांडली.
सकाळी यंत्र असं रुतलं
की एक पत्र उघडेपर्यंत टपालवाला येऊन गेला.
लॉकलन पुढे आठवडाभर मागच्या गल्लीने ये-जा करायचा.

वडील चिडले नाहीत.
आईची केकची फिरती थाळी काढली,
कडेने सतरा बिस्किटं लावली, ओळीने, आकडे घालून.
मला म्हणाले, इशबेल, मी फिरवतो, तू उचल,
पण क्रमानेच, आणि पहिलं गिळल्याशिवाय दुसरं नाही.
मी नऊ वर्षांची. पहिलं तोंडात होतं
तोवर दुसरं समोरून निघून गेलं.
मग अख्खी फेरी. मग तिसरं गेलं. पुन्हा फेरी.
सतरा बिस्किटांना सतरा फेऱ्या, आणि पोट बिघडलं ते वेगळंच.
(खरं तर सहाव्यालाच आईने थाळी काढून घेतली,
उरलेलं गणित कागदावर झालं.)
मग त्यांनी मध्ये दोन-दोन सोडून आकडे घातले.
गिळून मान वर करावी, तर पुढचं बिस्किट
दारात उभं असल्यासारखं समोर.
तीन फेऱ्यांत थाळी संपली असती, ते म्हणाले.
फिरणाऱ्याचा वेग कुणीही मोजतो.

मार्चमध्ये त्यांना झटका आला.
आता पुढच्या खोलीत पलंग, खिडकीत नदी,
आणि मी, हातात फोन, सगळं ताबडतोब मिळायची सवय लागलेली.
चहा हवा का, खिडकी लावू का, गोळी घेतली का,
नर्स आली होती का, काय म्हणाली?
ते पहिल्या प्रश्नाकडे बघत असतात.
ओठ हलेपर्यंत पाचवाही पुढे गेलेला असतो,
आणि मीही, किटली विझवायला.

परवा त्यांनी तीन बोटं वर केली.
मला वाटलं, तीन वाजता.
मला वाटलं, तिसरा खण: त्यात रबरबँड, मेलेल्या बॅटऱ्या,
लॉकलनच्या अक्षरातली एक फ्लॉपी, वर लिहिलेलं: वेगवान.
मला वाटलं, आईला जाऊन तीन वर्षं.
प्रत्येकाला मान नाही म्हणाली.
संध्याकाळी केकची थाळी पुसत होते,
ती हातातून सुटून ओट्यावर गरगरली,
आणि मी ओला फडका घेऊन तशीच उभी राहिले.

पलंगाशी स्टूल ओढलं.
चहा, म्हटलं.
डनूनची फेरी धक्क्यावरून सुटली, जाऊ दिली.
एक सीगल कठड्यावर बसला, उठला, तोही जाऊ दिला.
"हवा."
साखर?
पाण्यावरची दिव्यांची रांग थोडी सरकली.
"नको."
असं करत करत किटली दोनदा उकळली,
अंधार पडला, मी दिवा लावला नाही,
आणि मी काहीच विचारलेलं नसताना
त्यांनी एकेक शब्द उचलून माझ्यासमोर ठेवला,
मध्ये भरपूर जागा सोडून:
"लॉकलन... अजून... मागच्या गल्लीनेच?"